आपल्या गावची गेलेली माणसे

शाळांच्या वार्षिक अंकांत संपादकीयाच्या आगेमागे काळ्या चौकटीचे एक पान असते. त्या वर्षी निधन पावलेले पुढारी, साहित्यिक, शास्त्रज्ञ, कलावंत यांची नावे त्यात एकाखाली एक छापलेली असतात, आणि शेवटी ‘तसेच ज्ञात-अज्ञात सर्व दिवंगतांस विनम्र श्रद्धांजली’ असे एक वाक्य घालून ते पान पुरे केले जाते. या वाक्यातील ‘अज्ञात’ हा शब्द मला नेहमी खटकतो. बोरगावच्या विद्यार्थ्याला अज्ञात कोण? ज्या आजोबांच्या ओट्यावर बसून त्याने बोरे खाल्ली, ज्या आजींनी त्याला तान्हेपणी न्हाऊमाखू घातले, त्या त्याला पुरत्या ज्ञात आहेत. अज्ञात म्हणावयाचेच तर ती वरची नामावळी होय. कारण तीतील निम्म्या नावांचा परिचय त्याला शिक्षकांना विचारावा लागतो.

माझे म्हणणे एवढेच, की वर्षभरात आपल्या गावात व आसपासच्या खेड्यांत जी माणसे गेली, त्यांच्याविषयी दोन पाने या अंकात असावीत. आणि ती शिक्षकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी लिहावीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की या माणसांनी असे मोठे काय केले? शेती केली, मुले वाढविली, आणि एके दिवशी गेली. परंतु मराठी भाषेला हा आक्षेप शोभत नाही. ताहाराबादच्या महिपतींनी शके 1684 मध्ये, म्हणजे इसवी सन 1762 साली, ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यात कुंभार आहे, माळी आहे, न्हावी आहे, दळणकांडण करणारी दासी आहे. महिपती स्वतः गावच्या कुलकर्णी घराण्यातील होते. हिशेबाच्या वह्यांतून वर मान करून त्यांनी ही चरित्रे लिहिली, म्हणून गोरोबांची माती आणि सावतोबांचा मळा आपल्या डोळ्यांपुढे आहे.

त्याच परंपरेत चोखोबांच्या मृत्यूची कथा येते. 1338 च्या सुमारास मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातून त्यांनी चोखोबांच्या अस्थी वेचल्या, आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही, त्यांच्या अस्थींना देवाच्या दारात जागा मिळाली ती एका मित्राने तेवढे कष्ट घेतले म्हणून. ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो, आणि सांगावीच. पण त्याच भिंतीखाली दुसरेही मजूर होते ना? त्यांची नावे काय होती? संध्याकाळी त्यांची वाट कोण पाहात बसले होते? जवळजवळ सातशे वर्षांत त्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांच्यासाठी कोणी नामदेव गेला नाही, इतकाच काय तो फरक.

सरकारदरबारी मृत्यूची नोंद होते, हे खरे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे 21 दिवसांच्या आत खबर द्यावी लागते. कोटवार आहे, पंचायत आहे, दाखला मिळतो. जमिनीवर वारसाचे नाव चढविण्यास तो लागतो, म्हणून लोक तो जपूनही ठेवतात. गेली वीस-पंचवीस वर्षे या नोंदीसाठी जे पत्रक भरले जात आले, त्याच्या एका भागात मोठे मनोरंजक प्रश्न आढळतात. मृतास धूम्रपानाची सवय होती काय, असल्यास किती वर्षे. तंबाखू खाण्याची होती काय, किती वर्षे. सुपारीची, मद्याची होती काय, किती वर्षे. हे विचारण्यात चूक काही नाही. रोगांचा अभ्यास अशाच माहितीवरून होतो. परंतु ज्या मनुष्याने पन्नास वर्षे तिफण हाकली, त्याच्या तंबाखूच्या वर्षांचा हिशेब सरकारी दप्तरी राहावा आणि तिफणीचा कोठेच राहू नये, हे कसे? त्या पत्रकात तिफणीचा रकाना असावा, असे मी म्हणत नाही. ते काम कचेरीचे नव्हे, शेजाऱ्याचे आहे.

शेजाऱ्याच्या सांगण्याला किती मोल येते, ते कोकणातील इर्शाळवाडीने आपल्याला दाखविले. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या अंगावर ही ठाकर आदिवासींची वाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री भर पावसात डोंगर खाली आला. चार दिवस शोध चालला. 27 देह हाती लागले. 57 माणसे सापडली नाहीत, आणि 23 जुलैला शोध थांबविण्यात आला. जेथे देह नाही, समाधी नाही, घराचा उंबरठाही नाही, तेथे माणूस होता याला पुरावा कोणता उरतो? एखादे शिधापत्रक, शाळेच्या हजेरीपटावरचे एखादे नाव, आणि वाचलेल्या माणसांची जीभ. पहिल्या दोहोंतून संख्या कळते. तो मनुष्य मध काढण्यात हुशार होता की नाचण्यात, हे तिसरीवाचून कळावयाचे नाही.

आपल्याकडे सुदैवाने डोंगर कोसळत नाही. आपली माणसे एकेक करून, आपल्या खाटेवर जातात, आणि म्हणूनच बहुधा आपल्याला काही गेल्यासारखे वाटत नाही.

घरोघरी आठवण ठेवण्याचे जुने मार्ग आहेत, हे मी विसरलेली नाही. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत. गावाचे व कुळाचे नाव सांगितले की पणजोबांच्या भेटीची नोंद काढून दाखवितात. आपल्या भागातील पवार मंडळींकडे भाट पोथ्या घेऊन येतात आणि वंशावळ वाचतात. पितृपक्षात पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. पण विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर एक गंमत करून पाहा. पणजोबांचे नाव विचारा. ते बहुधा मिळेल. मग पणजीचे माहेरचे नाव विचारा. दहापैकी आठ घरांत सगळेजण एकमेकांकडे पाहू लागतील. लग्नात जे नाव बदलले, ते तिच्याबरोबरच गेले. आणि त्या नावाबरोबर तिच्या आयुष्याची पहिली पंधरा वर्षेही.

अलीकडे एक नवी तऱ्हा निघाली आहे. चौकात रातोरात मोठा फलक लागतो. मधोमध मृताचे छायाचित्र, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली शोकाकुल म्हणून पंधरावीस नावे, त्यांतील पुढाऱ्यांची छायाचित्रे कधी कधी मृतापेक्षाही ठळक. माझ्या गोव्याकडे वर्तमानपत्रांत पुण्यतिथीची पाने भरून छायाचित्रे येतात. तेथेही ज्याच्या मुलांपाशी पैसे, त्याचीच आठवण छापली जाते. फलकाचा रंग दोन पावसांत जातो. सालदाराचा फलक तर मी अद्याप पाहिलेला नाही.

आता हे सगळे आजच का, असा प्रश्न निघेल. माणसे तर नेहमीच जात आली. त्याचे कारण आपल्या भागापुरते निराळे आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी बोलणारा पट्टा नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली. माणसे आपल्या ओसरीवर होती तेथेच होती. बदलला तो त्यांच्या अर्जाचा मायना. तो बदल कळत्या वयात ज्यांनी पाहिला ती माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. शाळेत कोणती पुस्तके आली, लग्नसंबंध कोणीकडे वळले, घरची मराठी घरात कशी टिकली, हे त्यांना ठाऊक आहे. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा अशा वृद्धांपाशी जाऊन बसावे, असे किती जणांना वाटले?

आणखीही पुष्कळ आहे. छिंदवाडा-नागपूर ही छोटी लाईन 2015 च्या अखेरीस बंद झाली. तिच्या डब्यात भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बायका आता एकेक करून जात आहेत. बोरगावला 1991 साली रेमंडची गिरणी उभी राहिली, पुढे इतर कारखाने वाढले. आजच्या मुलाला तेथे भिंत दिसते, पण त्या भिंतीच्या जागी कोणते शेत होते आणि त्यातील विहिरीला उन्हाळ्यात पाणी राही की नाही, हे सांगणारे थोडे उरले आहेत. संत्र्याच्या बागेला ताण किती दिवस द्यावा आणि केव्हा तोडावा, जंबेरीच्या कोणत्या रोपावर डोळा बांधावा, हे बोटांना ठाऊक असलेली माणसे ते ज्ञान बोटांतच घेऊन जातात. पोळ्याच्या तोरणाखाली ज्यांच्या झडत्यांनी सारे गाव हसत असे, त्यांनी त्या कधी लिहून ठेवल्या नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. ज्या प्रेमी जोडप्याची दंतकथा तिच्यामागे सांगतात, ती मुलामुलाला पाठ आहे. या खेळात प्रत्यक्ष जी माणसे प्राणास मुकली, त्यांची नावे मात्र त्यांच्या घरांखेरीज कोणी काढीत नाही.

आणि कारखान्यांच्या निमित्ताने परप्रांतांतून येऊन येथेच देह ठेवणारीही आहेत. माझी मातृभाषा कोंकणी. ‘डवरण’ हा शब्द मला येथे येऊन शिकावा लागला. तेव्हा ‘आपल्या गावची माणसे’ म्हणताना त्यांना वगळू नये, हे मी थोड्या स्वार्थानेही म्हणते.

लिहावे कसे? एकदा मी वर्गात मुलांना त्या वर्षी निधन पावलेल्या ओळखीच्या एका व्यक्तीविषयी दहा वाक्ये लिहावयास सांगितली. बहुतेक वह्यांत एकच मनुष्य मेलेला होता. तो प्रेमळ होता, मनमिळाऊ होता, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारा होता, आणि त्याच्या जाण्याने गावाची कधीही भरून न निघणारी हानी झाली होती. एका मुलीने मात्र लिहिले होते, की आमच्या शेजारच्या आजी भाकरी थापताना भिंतीकडे तोंड करून गात, आणि कोणी आले की गाणे थांबवीत. गाणे कोणते ते त्यांनी मला सांगितले नाही. एवढ्या दोन ओळींत ती आजी उभी राहिली. 1949 साली व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ प्रसिद्ध झाले, त्याची थोरवी मला याच गोष्टीत दिसते. त्यातील धर्मा रामोशी विशेषणांनी मोठा झालेला नाही.

मेलेल्याचे वाईट बोलू नये, असा आपला रिवाज आहे. तो बव्हंशी चांगला आहे. घरच्यांच्या जिव्हारी लागेल ते लिहू नये; पण खोटेही लिहू नये. आजोबा तापट होते, त्यांचे व धाकट्या भावाचे धुऱ्यावरून वीस वर्षे बोलणे नव्हते, हे साऱ्या गावाला माहीत असता त्यांना शांतमूर्ती का म्हणावे? घरच्यांची हरकत नसेल तर धुऱ्याचे भांडणही येऊ द्यावे.

तेरावा झाल्याशिवाय कोणाच्या दारी वही घेऊन जाऊ नये. गेल्यावर घरच्या कर्त्या पुरुषाशी बोलून परतू नये; सुनेला विचारावे, शेजारणीला विचारावे, सालदाराला विचारावे. छापण्यापूर्वी लेख घरच्यांना वाचून दाखवावा, आणि ते नको म्हणतील ते वाक्य मुकाट्याने काढावे. पुढील अंकासाठी लेख दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांकडे द्यावेत. कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात लिहावे. स्त्रीविषयी लिहीत असाल तर तिचे माहेरचे नाव आणि गाव घालण्यास विसरू नये.