आरशापुढील क्षमा

आमच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त गृहस्थ हल्लीं रोज पहांटे स्नान आटोपलें म्हणजे आरशापुढें उभे राहतात आणि एक वाक्य मोठ्यानें एकवीस वेळां म्हणतात: “मीं स्वतःला क्षमा केली आहे, झाल्या गोष्टींचें ओझें मी खालीं ठेवीत आहें.” हें व्रत त्यांना मुलानें भेट दिलेल्या एका इंग्रजी पुस्तकांतून मिळालें. मन हलकें झालें, झोंप लागूं लागली, असें त्यांनीं मला मोठ्या समाधानानें सांगितलें. ओझें कसलें, हें विचारण्याचें कारण नव्हतें. आम्हां जुन्या शेजाऱ्यांना तें ठाऊक आहे. वडिलांच्या पश्चात् विधवा बहिणीला “नुसती सही कर, कचेरीचें काम आहे” असें सांगून त्यांनीं घरांतील तिच्या हिश्श्याचें हक्कसोडपत्र करून घेतलें होतें. ती बहीण हयात आहे. त्याच शहरांत भाड्याच्या एका खोलींत ती राहते.

या विद्येचें कूळ फार प्राचीन नाहीं. फ्रान्समधील नान्सी शहरीं एमिल कुए (१८५७–१९२६) नांवाचा औषधविक्रेता होऊन गेला. आपण दिवसेंदिवस सर्व प्रकारें सुधारत आहों, अशा अर्थाचें एक वाक्य सकाळीं व रात्रीं वीस वीस वेळां पुटपुटावें, आणि मोजणीसाठीं वीस गांठींची दोरी हातीं घ्यावी, असा त्याचा उपदेश असे. माणूस प्रामाणिक होता. मीं कोणालाहि बरें केलें नाहीं, लोक आपले आपणच बरे होतात, असें तो सांगे. त्याच्या दारीं येत ते रोगी. अमेरिकेंतील लुईज हे या बाईंचें ‘यू कॅन हील युवर लाइफ’ हें पुस्तक १९८४ सालीं निघालें, आणि आरसा व आत्मक्षमा यांची जोडी घरोघर पोंचली. औषध तेंच राहिलें. पण शरीराच्या व्याधीबरोबर केलेल्या अन्यायावरहि तें देण्यांत येऊं लागलें. माझी तक्रार आहे ती येथें.

अपराध हें दुसऱ्याचें देणें आहे. ऋणकोनेंच आपल्या वहींत “रक्कम पावली” असें रोज एकवीस वेळां लिहावें, आणि सावकाराला त्याची वार्ताहि नसावी, याला कोणता हिशेबनीस मान्यता देईल? आमच्या गृहस्थांची झोंप उडाली होती, हीच त्या बहिणीची त्या घरांतील एकमेव वकिली होती. आरशानें तीहि बंद पाडली.

यावर कोणी नामस्मरणाचा दाखला देतात. पण नामस्मरणांत नांव दुसऱ्याचें असतें, आपलें नव्हे, आणि आमचे संत त्या नांवापुढें स्वतःला पतित म्हणवून घेण्यास कधीं लाजले नाहींत. प्रातःसंध्येच्या आचमनमंत्रांत मनानें, वाचेनें, हातांनीं, पायांनीं रात्रीं घडलेल्या पापांचा अवयववार उच्चार येतो. संध्या करणाऱ्यांपैकीं किती जणांचें त्या अर्थाकडे लक्ष असतें, हा प्रश्न निराळा! मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांतील प्रायश्चित्तविचारांतहि पाप उघड बोलून दाखविणें आणि अनुताप होणें यांना स्थान आहे. “मीं केलें” हें आधीं येतें. नव्या पाठांत नेमकें तेवढेंच वाक्य गाळलें आहे.

कांहीं माणसें मात्र दोष नसतांना जळत असतात. आजारी मुलाला वेळीं डॉक्टरकडे नेलें असतें तर, म्हणून जन्मभर झुरणारी आई आपण पाहतों. तिला धीर हवा, यांत वाद नाहीं. पण तिला तरी हा मंत्र तारतो काय? कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांतील जोअॅन वुड व त्यांचे सहकारी यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपण प्रेमास पात्र आहों असें वाक्य घंटा वाजली कीं मनाशीं म्हणावयास लावलें. ज्यांची स्वतःविषयींची भावना मुळांतच हीन होती, त्यांना तें म्हणून अधिकच वाईट वाटलें. थोडाफार लाभ झाला तो आधींच आत्मतुष्ट असलेल्यांना. त्या आईला शेजारीं बसून ऐकणारें माणूस हवें आहे.

गांधीजींनीं आत्मकथेंत पंधराव्या वर्षींची चोरी सांगितली आहे. भावाचें सुमारें पंचवीस रुपयांचें कर्ज फेडण्यासाठीं त्याच्याच कड्यांतून सोनें कापलें. कर्ज फिटलें, पण मन राहीना. तोंडानें सांगण्याचें धैर्य नव्हतें, म्हणून त्यांनीं चिठ्ठी लिहिली, तींत शिक्षा मागितली, आणि ती आजारी वडिलांच्या हातीं दिली. वडील रडले, चिठ्ठी फाडून टाकली. ती चिठ्ठी मुलानें स्वतःच वाचून स्वतःच फाडली असती, तर?

हें सारें मीं आमच्या गृहस्थांना फिरतां फिरतां ऐकविलें. “मग मीं म्हणावें तरी काय?” त्यांनीं त्रासून विचारलें.

“मीं तुला फसवून सही घेतली, एवढीं पांच पदें पुरेत,” मी म्हणालों. “एकवीस वेळां म्हणण्याची गरज नाहीं. मात्र बहिणीच्या दारांत उभें राहून म्हणावीं लागतील, आणि जातांना तिच्या हिश्श्याचें बक्षीसपत्र बरोबर न्यावें लागेल.”

“प्रोफेसरसाहेब, तुम्ही फार जुन्या विचारांचे,” ते म्हणाले. हल्लीं ते टेकडीवर येत नाहींत. कालव्याच्या बाजूनें फिरावयास जातात, असें कळतें.