बोली कुणाची, मेहनत कुणाची?

प्रो कबड्डीचा लिलाव जाहीर झाला, की ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या पट्ट्यातील महाविद्यालयीन तरुणांच्या चर्चेला उधाण येते. ऑगस्टअखेर युरोपातील फुटबॉल क्लबांच्या खेळाडू-खरेदीची मुदत संपत आली, की हेच तरुण तितक्याच तावातावाने मँचेस्टर आणि लंडनच्या संघांची बांधणी करीत असतात. उपनगरी गाडीच्या दारात उभे राहून कुणाला सोडावे, कुणाला घ्यावे आणि त्यामुळे संघ कितव्या क्रमांकावर जाईल, याचे हिशेब मांडले जातात. ज्यांच्या वडिलांनी ‘बदली’ या शब्दाचा अर्थ हेड ऑफिसातून येणारा कागद एवढाच जाणला, त्यांची मुले खेळाडूंच्या बदल्यांवर अधिकारवाणीने बोलतात, ही गंमत सोडून दिली तरी ही चर्चा क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. श्रमाचे मूल्य कसे ठरते, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्नच येथे खेळाच्या निमित्ताने विचारला जात असतो. उणीव आहे ती एवढीच, की तो अर्धाच विचारला जातो.

या चर्चेतील पहिले गृहीत म्हणजे महागडा खेळाडू मिळाला, की संघाचे भवितव्य उजळले. कबड्डीचा गेल्या काही वर्षांचा अनुभव याला फारसा दुजोरा देत नाही. २०२१ च्या लिलावात प्रदीप नरवाल या विक्रमी चढाईपटूला उत्तर प्रदेशच्या संघाने १ कोटी ६५ लाख रुपयांस घेतले. ज्या पाटण्याला त्याने सलग तीन विजेतेपदे मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला होता, तो संघ त्याच्यावाचून उभा राहिला, उपांत्य सामन्यात त्याच उत्तर प्रदेशाला हरवून अंतिम फेरीत गेला आणि तेथे दिल्लीकडून अवघ्या एका गुणाने पराभूत झाला. २०२२ मध्ये तामिळ संघाने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख ओतले. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला आणि संघ मात्र प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. पुढल्या वर्षी तेलुगू संघाने त्याच पवनसाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांची विक्रमी बोली लावली आणि हंगामाअखेर तो संघ गुणतक्त्याच्या तळाशी दिसला.

याच्या उलट जाणारे उदाहरणही आहे, आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इराणचा महंमदरेझा शादलुई २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांस पुण्याकडे आला आणि त्या हंगामात पुणे विजेते ठरले. २०२४ मध्ये २ कोटी ७ लाखांस तो हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेते ठरले. चर्चा करणाऱ्यांना एवढा पुरावा पुरेसा वाटला. परंतु २०२५ मध्ये २ कोटी २३ लाख मोजूनही गुजरातच्या हाती विजेतेपद आले नाही. शादलुईविना पुण्याचा संघ मात्र अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि दिल्लीकडून ३१-२८ असा हरला.

असे का घडते? प्रत्येक संघाला लिलावात खर्चाची मर्यादा असते. २०२३ पासूनच्या हंगामांत ती ५ कोटी रुपयांची होती. त्यातील निम्मी रक्कम एका माणसावर उधळली, की उरलेल्या निम्म्यात बाकीचा संघ उभारावा लागतो. आणि कबड्डीत सात जण मैदानात उतरतात, एक नव्हे. चढाई एकट्याने करता येते, पण पकड साखळीने होते. शिवाय लिलावाचा एक अंगभूत दोष आहे. खेळाडूची खरी योग्यता कुणालाच नेमकी ठाऊक नसते. प्रत्येक जण अंदाज बांधतो आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, त्याच्याच गळ्यात तो खेळाडू पडतो. अर्थशास्त्रज्ञ याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. लिलावगृहात टाळ्या वाजतात त्या बहुधा याच शापाला!

खर्चाच्या या मर्यादेची दुसरी बाजू मात्र चाहत्यांच्या ध्यानात येत नाही. संघांत समतोल राहावा म्हणून ती आहे, असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. परंतु तिच्यामुळे सर्व खेळाडूंच्या एकूण मोबदल्यावर झाकण बसते. प्रक्षेपणाचे आणि जाहिरातींचे उत्पन्न वाढले, तरी झाकण उचलण्याचा अधिकार मालकांच्या बाजूलाच राहतो. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवरची १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ मध्ये कोटीचा उंबरठा ओलांडला गेला. ही झेप डोळे दिपवणारी आहे खरी. पण २०२५ च्या लिलावात पाचशेहून अधिक खेळाडू उभे होते आणि त्यांतले सुमारे एक-चतुर्थांशच घेतले गेले. उरलेल्यांची चर्चा गाडीत होत नाही.

पूर्वी मुंबई-ठाण्याचा कबड्डीपटू संघ बदलत असे तो नोकरीसाठी. रेल्वे, बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र अशा आस्थापनांचे संघ असत आणि चांगल्या चढाईचे बक्षीस म्हणजे कायमची नेमणूक, भविष्यनिर्वाह निधी आणि गुडघा दुखावल्यावरही महिनाअखेर मिळणारे वेतन. तेथे कोटी नव्हते, परंतु निवृत्तीचे वय अठ्ठावन्न होते. ती व्यवस्था आक्रसली आहे. महिंद्रने २०१० मध्ये आपला फुटबॉल संघ मोडला; एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडे गेली. आज पदवीचे शेवटचे वर्ष सोडून मैदानाकडे वळणारा मुलगा हंगामापुरत्या कराराच्या भरवशावर वळतो. त्याच्या पालकांनी विचारलेला ‘पुढे काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

आणि लीग ही काही अढळ संस्था नव्हे. फुटबॉलचे ताजे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. महासंघ आणि संयोजक कंपनी यांच्यातील २०१० चा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नूतनीकरण न झाल्याने इंडियन सुपर लीग जुलै २०२५ मध्ये स्थगित झाली आणि बंगळूरच्या क्लबने खेळाडूंचे पगार रोखले. नव्या निविदेला नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. अंधेरीत खेळणारा, दोनदा विजेता ठरलेला मुंबई सिटी हा संघ ज्या परदेशी समूहाच्या मालकीचा होता, तो समूह डिसेंबरात बाहेर पडला. स्पर्धा सुरू झाली ती फेब्रुवारी २०२६ मध्ये, आखूड स्वरूपात. डोंबिवलीहून घाटकोपरला उतरून मेट्रोने आझादनगर गाठणाऱ्या चाहत्याला मध्यंतरी संघाचे भवितव्य वर्तविणे दूरच, संघ राहील की नाही, हेही सांगता येत नव्हते.

तथापि जागतिक फुटबॉलकडून घेण्यासारखे एक आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातील क्लबातून दुसऱ्या देशात गेला, तर त्याच्या किमतीचा ५ टक्के भाग वयाच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडविणाऱ्या क्लबांत वर्षांच्या प्रमाणात वाटावा, असा ‘फिफा’चा नियम आहे. २०१७ मध्ये नेमार २२ कोटी २० लाख युरोंस पॅरिसला गेला, तेव्हा ब्राझीलमधील सांतोस या त्याच्या जुन्या क्लबचाही त्या रकमेवर हक्क निर्माण झाला. कबड्डीच्या लिलावात अशी तरतूद नाही. बोली हे खेळाडूचे मानधन असते. त्याला घडविणारे मंडळ त्या हिशेबात कोठेच नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना मुंबईच्या संघाकडे गेला आणि पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाखांना तेलुगू संघाकडे. कल्याणचा गिरीश इर्नाक २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. अशी मुले आभाळातून पडत नाहीत. गिरणगाव ओसरल्यावर तेथली कुटुंबे जशी कल्याण-डोंबिवलीकडे सरकली, तशी कबड्डीही सरकली. चाळीच्या अंगणातली, वर्गणीवर चालणारी, संध्याकाळी कामावरून परतलेल्या कुणा माजी खेळाडूने शिट्टी फुंकून चालविलेली. आता सामने मॅटवर होतात आणि मॅट घेणे बहुतेक मंडळांच्या आवाक्याबाहेर आहे. मातीत वाढलेल्या मुलाला मॅटवर पाय टाकण्याचा सराव कोठे मिळणार, हे कुणी ठरविलेले नाही.

बारा संघांचे प्रत्येकी ५ कोटी धरले, तर एकूण रक्कम ६० कोटी होते. तिचे ५ टक्के म्हणजे ३ कोटी. सिद्धार्थच्या १ कोटी ४५ लाखांवर हा भाग सव्वासात लाखांचा झाला असता. एखाद्या मंडळाची अनेक वर्षांची वर्गणी त्यात सहज सामावेल. मात्र हा भाग खर्चमर्यादेच्या आतून कापला, तर त्याचा भार खेळाडूंवरच पडेल आणि एका श्रमिकाचे काढून दुसऱ्याला दिल्यासारखे होईल. तो मर्यादेबाहेर, मालकांनी वेगळा भरला पाहिजे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मुले मंडळे बदलतात, नोंदी नीट नसतात, पैसा दिसताच खोटे दावेदार उगवतील. आक्षेप खरा आहे. परंतु जिल्हा संघटनांकडे निवड चाचणीसाठी खेळाडूंची नोंदणी होतेच. तीत वर्षवार मंडळाचे नाव लिहून घेणे आणि ती यादी दरवर्षी जाहीरपणे लावणे, हे काम कोणताही वरिष्ठ लिपिक एका पंधरवड्यात मार्गी लावील. कोणत्या संघाने कुणाला किती लाखांना घेतले, हे पाठ असलेल्या तरुणांनी आपल्या गल्लीतील मंडळाची ती यादी तपासून पाहिली, तर खोट्या दावेदारांचे फारसे चालणार नाही.