आधी धान, मग ईआरपी

"सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?" हा प्रश्न आता आपल्या गोंदियाच्या राइस मिलवाल्यांनाही पडतो. कुणी म्हणतं टॅली पुरे, कुणी म्हणतं मोठं व्हायचं तर सॅपच. माझं मत विचाराल तर सुरुवातच चुकतेय. आधी मिलमध्ये धान कसं फिरतं ते बघा, मग सॉफ्टवेअरचं नाव काढा.

मॅन्युफॅक्चरिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सायकल येते. अनेक पार्ट्स जोडले, एक वस्तू झाली. बऱ्याच पॅकेजेसमधलं 'बिल ऑफ मटेरियल' याच हिशोबाने चालतं. राइस मिलचं नेमकं उलट आहे. आत जातं एकच, धान. बाहेर येतात तांदूळ, कणी, कोंडा आणि भुसा. प्रत्येकाचा भाव वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. कोंडा तेलासाठी जातो, भुसा बॉयलरमध्ये जळतो. हे 'एकातून अनेक' ज्या सॉफ्टवेअरला कळत नाही, त्याने काढलेली तांदळाची किंमत चुकणारच.

दुसरी गोष्ट सरकारी भरडाईची. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत हमीभावाने घेतलेलं धान मिलवाल्यांकडे भरडाईला येतं. एका क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा, उकडा असेल तर ६८ किलो. म्हणजे हे धान मिलमध्ये असतं, पण मिलचं नसतं! त्याचा स्टॉक, बारदाना, लॉट सगळं खाजगी धानापासून वेगळं दिसायला हवं. नाहीतर तपासणीच्या दिवशी प्रामाणिक मिलवालाही निरुत्तर होतो. आणि हाच तांदूळ पुढे रेशनच्या दुकानात जातो, हे विसरून कसं चालेल?

नुसत्या मोठ्या नावाने काम होत नाही. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये सॅपसह नामांकित सॉफ्टवेअर्स बसवली. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत उरकायला गेले आणि ऐन हॅलोविनच्या सीझनला सुमारे १० कोटी डॉलर्सच्या ऑर्डर्स पोचवता आल्या नाहीत. माल गोडाऊनमध्ये होता, तरीही! आपल्याकडे धान खरेदीच्या हंगामात नवी सिस्टिम सुरू करणं म्हणजे तेच.

मग स्वस्त काय? मुंबईत तयार झालेलं 'ईआरपीनेक्स्ट' ओपन सोर्स आहे, लायसन्स फी नाही. पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. सर्व्हर, सेटिंग, ट्रेनिंग यांना पैसे लागतातच.

सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे मुनीमजी. आमच्यासारख्या इंग्लिश मीडियमवाल्यांना स्क्रीनवरचं इंग्लिश सोपं वाटतं, पण एंट्री करणार आहेत ते आणि काट्यावरचा माणूस. त्यांना न विचारता घेतलेलं सॉफ्टवेअर महिन्याभरात बंद पडतं आणि लाल वही परत उघडते.

म्हणून मिलवाल्यांनी डेमोला भुलू नये. आपल्याच एका लॉटचे कागद, म्हणजे काटापावतीपासून कोंड्याच्या बिलापर्यंत, विक्रेत्यासमोर ठेवावेत आणि म्हणावं, "हे चालवून दाखवा."

आणि मित्रांनो, आपण काय करायचं? फायनल इयरला लायब्ररी मॅनेजमेंटचा तोच जुना प्रोजेक्ट पुन्हा कशाला? मिल्स आपल्या गावातच आहेत. आठ दिवस काट्यापाशी बसा, एका पोत्याचा प्रवास कागदावर उतरवा. कॅम्पस इंटरव्ह्यूत तो कागद कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल!