सालाखाली दडलेलं साल

अमेरिकेतल्या डेन्व्हर टांकसाळीचा १९१८ चा पाच सेंटचा ‘बफेलो निकेल’ भिंगाखाली धरला, तर क्वचित एखाद्या नाण्यावर ८ च्या पोटातून ७ डोकावतो. आडवी रेघ आणि खाली उतरणारी तिरकी दांडी, दोन्ही दिसतात. नाणेसंग्राहक याला ‘ओव्हरडेट’ म्हणतात, म्हणजे सालावर साल. या सातासाठी ते साध्या निकेलच्या कितीतरी पट पैसे मोजतात, आणि ते योग्यच आहे. फक्त तो सात तिथे आला कसा, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक हवं.

पहिली गोष्ट म्हणजे, ही चूक नाण्याची नसते, ठशाची असते. नाणं पाडताना चकती सरकली, तर बिघाड त्या एका नाण्यापुरता राहतो. ओव्हरडेट मात्र पोलादी ठशातच कोरलेला असतो. त्यामुळे त्या ठशाखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर खालचा आकडा त्याच जागी, त्याच कोनात उमटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर याला चूक म्हणणंही अन्यायाचं होतं. तेव्हा सालाचे आकडे ठशावर एकेक करून हाताने ठोकत. चांगलं पोलाद महाग, ठसा घडवणं कष्टाचं. जुन्या सालाचा धड ठसा उरला, तर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतले कारागीर त्याच्यावर नवा आकडा ठोकून तो वापरात आणत. १८१५ चे आज माहीत असलेले सगळे अर्धे डॉलर असेच, १८१२ च्या ठशावर ५ ठोकून पाडलेले आहेत. १८१४ चा एक ठसा १८१७ मध्ये पुन्हा कामाला लागला. त्याची जेमतेम डझनभर नाणी आज माहीत आहेत. ही काटकसर होती, आणि ती लपवण्याची कुणाला गरजही वाटली नाही.

मुंबईच्या टांकसाळीने वेगळी वाट धरली होती. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच राहिलं. खरं वर्ष ओळखण्यासाठी मुंबईच्या रुपयांवर ठिपक्यांची खूण असे.

अमेरिकेत विसाव्या शतकातली गोष्ट निराळी. आता साल हाताने ठोकायचं काम उरलं नव्हतं. ते ‘हब’ नावाच्या उठावदार साच्यातच असे. हा हब मऊ केलेल्या पोलादावर दाबला, की खोलगट ठसा तयार होई. पण एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे आणि दाबाने पोलाद कडक होई. म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा दाबायचं. वर्ष सरताना चालू आणि येत्या, अशा दोन्ही सालांचे हब एकाच खोलीत हाताशी असत. पहिला दाब १९१७ च्या हबचा आणि पुढचा १९१८ च्या हबचा पडला, की ८ खाली ७ कायमचा राहिला.

डेन्व्हरच्या त्या निकेलचा दोष डेन्व्हरचा नव्हताच. सगळ्या टांकसाळींचे ठसे फिलाडेल्फियात बनत.

आता साल बघा. डेन्व्हरचा निकेल आणि सॅन फ्रान्सिस्कोचा पाव डॉलर, दोन्ही १९१८ वर १९१७. दहा सेंटचा मर्क्युरी डाइम १९४२ वर १९४१, फिलाडेल्फियाचाही आणि डेन्व्हरचाही. पाच सेंटचा जेफरसन निकेल १९४३ वर १९४२. विसाव्या शतकातले हे नामांकित ओव्हरडेट दोन महायुद्धांच्या वर्षांभोवती गोळा झालेले आहेत. युद्धात सुट्ट्या पैशांची मागणी चढली होती, ठसे बनवणाऱ्यांच्या हाताला उसंत नव्हती. त्या धावपळीची निशाणी आजही धातूवर हात लावून बघता येते, आणि संग्राहक किंमत मोजतात ती याची.

म्हणूनच आपल्या बाजारात ‘एरर कॉइन’ या एका नावाखाली जे काही खपवलं जातं, त्याची चीड येते. ठेचलेलं, घासलेलं, ॲसिडने खाल्लेलं नाणंही दुर्मीळ म्हणून पुढे केलं जातं. घरातल्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, असं सांगून आधी ‘शुल्क’ उकळणारेही आहेत. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे मागितले जात असल्याचं सांगत बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. मर्क्युरी डाइमवरही आकडा कोरून किंवा चिकटवून नकली ओव्हरडेट बनवले गेले आहेत. तिथे उपाय एकच: प्रमाणित नाण्याचा मोठा केलेला फोटो शेजारी ठेवायचा आणि आकड्याची जागा, कोन, जाडी पडताळून पाहायची. विक्रेत्याने याला हरकत घेतली, तर नाणं परत ठेवावं.

बफेलो निकेलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याचं साल नाण्यावरच्या व्यक्तीच्या खांद्यावर, उंचवट्यावर आहे. खिशाखिशातून फिरताना आधी तेच झिजतं, आणि आठबरोबर खालचा सातही पुसला जातो.