दोन खाती, एक काळ

अकरावीत प्रक्षेपित गतीची उदाहरणे सुटेनात, की अनेक मुले विज्ञानशाखाच सोडू पाहतात. व्यापारी घरातील मुलाला वास्तविक ती परकी वाटू नयेत. २० मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने आडवा फेकला, तर उभे आणि आडवे अशी दोन खाती उघडावीत. उभ्या खात्यात आरंभीचा वेग शून्य. गुरुत्वत्वरण १० धरल्यास चेंडू २ सेकंदांत जमिनीवर येतो. आडव्या खात्यात त्वरण नाही, म्हणून तेवढ्या काळात आडवे विस्थापन ३० मीटर. बहुतेकांचे चुकते ते १५ ही रक्कम उभ्या खात्यात मांडल्यामुळे. (शिकवणीवर्ग सूत्रे घोकून घेतात, खाती मांडायला कोण शिकवतो?) सामाईक असतो तो केवळ काळ. हवेचा विरोध सोडल्यास, तोच चेंडू गच्चीवरून नुसता सोडला तरी २ सेकंदांतच खाली पोहोचतो.