मातांची उमेदवारी

स्त्रियांनी राजकारणात यावे, हे तत्त्व आपल्याकडील सर्व पक्षांना मान्य आहे. परंतु जिच्या कडेवर वर्षाचे मूल आहे अशी स्त्री उमेदवारी मागू लागली, की ‘मुले मोठी होऊ द्या, मग पाहू’ असा सल्ला तिला घरातून, भावकीतून आणि पक्षाच्या तालुका कचेरीतूनही सारख्याच वडीलकीने दिला जातो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. तथापि पंचविशी ते चाळिशी या ज्या वर्षांत पुरुष कार्यकर्ता सोसायटी, पतपेढी, मोर्चे आणि मसलती यांतून कारभारात मुरतो, तीच वर्षे स्त्रीने प्रतीक्षेत घालवावीत असा त्याचा अर्थ होतो, आणि पुढे ती आली म्हणजे ‘अनुभव नाही’ म्हणून तिचे नाव यादीतून वगळले जाते.

महाराष्ट्राने २०११ साली पंचायत राज्यातील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेल्या विधानसभेच्या २८८ सदस्यांत स्त्रिया अवघ्या २१! गावोगावचा कारभार पाहिलेल्या स्त्रिया मुंबईच्या वाटेवर अडतात, त्याचे एक कारण आरक्षणाच्या सोडतीत आहे. पाच वर्षे झटून जिने आपला प्रभाग बांधला, तिचा प्रभाग पुढल्या सोडतीत खुला झाला की पक्षाचे तिकीट बहुधा पुरुषाकडे जाते. खुल्या जागेवर स्त्रीला लढण्याची कायद्याने मनाई नाही, मनाई आहे ती नेत्यांच्या मनात.

याहून कठोर अडसर खुद्द कायद्याने घातला आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्या व्यक्तीला तिसरे अपत्य झाले, ती ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरते. नियम स्त्री-पुरुष दोघांना लागू असला, तरी मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही हा निर्णय ज्या घरात सासरची माणसे घेतात, तेथे त्या निर्णयाची शिक्षा जिचे मत कोणी विचारले नाही तिनेच भोगावी, हा न्याय मला मान्य होत नाही. आणि ज्या सभागृहाने हा नियम केला, त्याच्या सदस्यांना मात्र तो लागू नाही! लोकसंख्या-नियंत्रणाचा हेतू कितीही स्तुत्य असो, त्याचा भार सर्वांत खालच्या पायरीवरील मातेवर टाकणारी ही अट रद्द झाली पाहिजे.

डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनास हजर राहिल्या, आणि त्या निमित्ताने विधानभवनात हिरकणी कक्षाची तजवीज झाली. अशी तजवीज प्रत्येक पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत कायमची हवी. सभा संध्याकाळी रेंगाळू नयेत, आणि प्रचाराच्या धामधुमीत मूल सांभाळण्याची व्यवस्था पक्षाने आपल्या खर्चाने करावी. मातृत्वाने कर्तृत्व खुंटते असे मानणाऱ्यांनी मृणाल गोरे यांचे चरित्र आठवावे. १९५८ साली पती केशव गोरे यांचे निधन झाले तेव्हा त्यांची मुलगी लहान होती. तरी १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्यासाठी एवढ्या लढल्या की लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हेच नाव दिले. नळाला पाणी येत नाही म्हणजे काय होते, हे घर आणि मूल सांभाळणाऱ्या बाईला कोणत्याही अहवालावाचून कळते, आणि असे ज्ञान सभागृहात जितके अधिक असेल तितके राज्याच्या हिताचे आहे.

लोकसभेत आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये संमत झाली असून जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना होताच तिचा अंमल व्हावयाचा आहे. त्या दिवशी पक्षांनी ऐनवेळी नेत्यांच्या लेकी-सुनांची नावे पुढे करू नयेत, असे वाटत असेल तर आज ग्रामपंचायतीच्या बैठकीला मांडीवर मूल घेऊन बसणाऱ्या सदस्येला पुढल्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचे तिकीट द्यावयास हवे, मग तिचा गट सोडतीत खुला निघाला असला तरी.