धूर दिसत नाही, म्हणून हवा स्वच्छ?

भोसरी, मोशी, चाकण परिसरात पुणे-नाशिक महामार्गालगत राहणाऱ्या वाचकांना मालमोटारींची वर्दळ नवी नाही. काळा धूर सोडणारी गाडी दिसली की आपण नाकाला पदर किंवा रुमाल लावतो. धूर दिसला नाही की निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा कितपत योग्य, हे धूर कसा मोजतात ते जाणल्यास उमगेल.

नव्या अवजड वाहनाचे इंजिन प्रयोगशाळेत कमी-अधिक भार देऊन चालवितात व त्यातून निघणारे वायू आणि कण मोजतात. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था असे मापन करते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांत डिझेल इंजिनातील कणांच्या वजनासोबत त्यांची संख्याही मोजली जाते.

रस्त्यावरच्या गाडीची ‘पीयूसी’ तपासणी मात्र साधी असते. पेट्रोल वाहनात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल मालमोटारीत इंजिनाचा वेग वाढवून धूर किती प्रकाश अडवितो, एवढेच पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे व सूक्ष्म कणांची संख्या या तपासणीत मोजली जात नाही. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक असलेले हे कण फुप्फुसात खोलवर शिरतात. दमा व हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना त्यांचा त्रास अधिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना कर्करोगकारक घटकांत केली आहे.

तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते व धूर वर जात नाही. म्हणून ऊन पडल्यावर, महामार्ग सोडून आतल्या रस्त्याने फिरावयास जावे. वर्दळीच्या वेळी रस्त्याकडील खिडक्या मिटून मागील बाजूच्या उघडाव्यात. खिडकीवरील काजळी झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बाहेर जाताना रुमालाऐवजी नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. तो लावल्यावर गुदमरल्यासारखे होत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आठवडाभर खोकला व धाप यांची वेळ वहीत टिपून ती डॉक्टरांना दाखवावी. बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा ओठ निळसर दिसले, तर मात्र वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.